वंशावळीत माहेर कुठे लिहायचे?

भंडारा जिल्ह्यात वंशावळीची आठवण होते ती घरातले पोर अकरावी-बारावीला गेल्यावर. जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मग मोठ्या काकांना फोन होतात, आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज शोधला जातो, तहसील कार्यालयात कोतवाल पंजीच्या नकलेसाठी खेपा सुरू होतात. शेवटी कागदावर एक उभी रेघ उतरते: पणजा, आजा, बाप आणि तळाशी अर्जदार. काकांच्या दोन-चार फांद्या बाजूला काढल्या जातात. त्यांच्यापैकी कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ती फांदी आवर्जून. आजीचे नाव या कागदावर सहसा नसते. तिच्या माहेराचे तर नसतेच.

याच जिल्ह्यातली एखादी नात पुण्यात किंवा परदेशात बसून आज दुसऱ्याच तऱ्हेची वंशावळ भरत असते. ही वंशावळ तिच्या एकटीची नसते. जगभरचे लाखो लोक मिळून एकच झाड वाढवत असतात. प्रत्येक माणसाचे पान एकदाच असावे हा तिथला पहिला नियम. तुमची मावशी दुसऱ्या कुणाची काकू निघाली, तर दोन पाने तपासून एक करायची हा दुसरा. जेनी हे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये मायहेरिटेज कंपनीने ते विकत घेतले. विकिट्री २००८ मधले. फॅमिलीसर्च हे मॉर्मन पंथाच्या चर्चचे. त्यामागची मूळ वंशशास्त्र संस्था १८९४ मध्ये अमेरिकेतल्या युटा इथे स्थापन झाली. तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत, पण नवख्या माणसाला तिन्ही ठिकाणी एक प्रश्न भेटतोच: तुमचे घर मोठ्या झाडाला जोडले गेले आहे का?

‘जोडलेले’ याची तिथली व्याख्या फार सैल आहे. आईबाप, मुले आणि नवरा-बायको या तीन दुव्यांवरून चालत तुमच्या पानापासून मोठ्या झाडापर्यंत जाता आले, की तुम्ही जोडलेले. रक्ताच्या नात्याची अट नाही. समान पूर्वज सापडण्याचीही नाही. आत्याच्या दिराच्या सासूच्या भावाची सून, असे चालत कुठेही पोचता आले तरी चालते. विकिट्रीवर दोन नावे टाकली की यंत्र मधली साखळी काढून देते आणि अमका तुमच्यापासून किती पायऱ्यांवर आहे ते सांगते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गंमत वाटते. मग शंका येते, की एवढ्या सैल दोऱ्याला नाते म्हणायचे कशाला?

शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे नात्याची मोजमापे आधीच ठरलेली आहेत आणि ती चांगलीच कडक आहेत. सुतक कुणी पाळायचे, तेरवीला कुणाचे घरचे सगळे यायचे आणि कुणाकडून एकच माणूस आला तरी चालते, लग्नात आहेर कुणाला, कुळाच्या देवापुढे बसायचा मान कुणाचा. हे ठरवताना कुणी झाड काढून पाहत नाही; पण चूक झाली तर दोन पिढ्या बोलणी ऐकाव्या लागतात. गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवांची विभागणी आहे. समान देवसंख्येची कुळे एकमेकांची भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. दोन अनोळखी माणसांना आपण भाऊ की सोयरे, हे कळायला एका आकड्याची देवाणघेवाण पुरते, पणजोबांचे नाव ठाऊक नसले तरी चालते. कायद्याचेही माप आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंतच्या सपिंडांत लग्न नाकारतो, आणि लगेच रूढीला सूट देतो, ती दिली नसती तर महाराष्ट्रातली कितीतरी लग्ने अडचणीत आली असती.

या सगळ्या मापांना काठ आहे. आत कोण आणि बाहेर कोण हे सांगणे हेच त्यांचे काम. ऑनलाइन झाडाला काठच नाही. म्हणून भंडाऱ्यातल्या माणसाला ते एकाच वेळी मोहवते आणि बिचकवते.

वंश लक्षात ठेवणारी माणसे आपल्याकडे होतीच. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार स्वतःला माळव्यातल्या धारहून आलेले सांगतात. रामटेकजवळच्या नगरधनच्या आसऱ्याने आधी वस्ती, मग नदी ओलांडून पूर्वेकडे, अशी ही कहाणी रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही नोंदलेली आहे. छत्तीस कुळांचा हिशोब, कोण पटले, कोण बिसेन, कोण रहांगडाले, हे भाटांच्या पोथ्यांत उतरले. गोंडांकडे परधान आहेत. बाना वाजवत कुळाची आणि देवांची कथा सांगणे हा त्यांचा पिढीजात हक्क. शिवाय त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग इथले तीर्थोपाध्याय आणि त्यांच्या नामावळ्या. आजोबा गंगेला जाऊन आले असतील, तर त्यांच्या सहीची किंवा अंगठ्याची ओळ कुठल्या तरी वहीत असण्याची शक्यता आहे. फॅमिलीसर्चमागच्या संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वार वगैरे ठिकाणच्या अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले, तेव्हा हा ठेवा ऑनलाइन जगाला अगदीच परका नाही. छापील कुलवृत्तांत हा मात्र मुख्यतः कोकण-पुण्याकडचा प्रकार. त्याला साक्षर नातेवाईक लागतात, वर्गणी लागते आणि आपले घराणे छापण्यासारखे आहे हा आत्मविश्वास लागतो. पूर्व विदर्भातल्या बहुतेक कुटुंबांकडे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या फार उशिरा, समाजाच्या दर्शिका आणि परिचय मेळाव्यांच्या पुस्तिकांच्या रूपाने.

भाट काय, परधान काय, कुलवृत्तांत काय, मोजणी सगळीकडे मुलग्यांचीच. लेकीची नोंद झाली तर ‘कन्या एक, अमक्या गावी दिली’ एवढीच. असे का, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही; जमीन आणि देव मुलग्यांकडे जात होते, म्हणून हिशोब मुलग्यांचा. पण या एकेरी हिशोबाने कधीकधी राज्यही बुडते, त्याचे उदाहरण भंडाऱ्याला दूर शोधावे लागत नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना गादीवरून उतरवल्यावर इंग्रजांनी ज्या लहान मुलाला बसवले, तो तिसरा रघूजी, दुसऱ्या रघूजीचा मुलीकडून नातू होता. म्हणजे वंश आधीच लेकीच्या वाटेने आलेला, आणि तेव्हा ते इंग्रजांना चालले. डिसेंबर १८५३ मध्ये तो निपुत्रिक वारला. राण्यांनी यशवंतरावाला दत्तक घेतले. या वेळी डलहौसीने दत्तकाचा दुवा मानला नाही, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. एक दुवा मानला, दुसरा नाकारला. भंडारा इंग्रजी अमलाखाली गेला तो असा, वंशावळीतल्या एका रेघेवरून. ऑनलाइन झाडात दत्तक मुलाची रेघ निराळी दाखवता येते, जन्मदाते आणि पालक दोघांनाही जागा देता येते. डलहौसीला हे कुणी दाखवायला हवे होते, असे वाटून जाते.

त्यानंतर वंशावळ ठेवण्याचे काम सरकारकडे गेले ते गेलेच. बंदोबस्ताच्या मिसली, वाजिब-उल-अर्ज, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, फेरफार, सातबारा. आणि जन्ममृत्यूसाठी कोतवालाने ठाण्यात जाऊन सांगितलेल्या नोंदींची पंजी. ज्याला या जिल्ह्यातले घर मोठ्या झाडाला जोडायचे आहे, त्याचा खरा मालमसाला हाच. तो वाचणे मात्र सोपे नाही. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे कागद कधी हिंदीत, कधी मराठीत, कधी मोडीत. कोतवाल पंजीतल्या कितीतरी नोंदींत बाळाला नावच नसते. अमक्या जातीच्या अमक्याला, अमक्या गावी, मुलगा झाला; बस. त्या बापाला तीन मुलगे असतील तर ही नोंद कुणाची, हे घरातल्या म्हाताऱ्यांनीच ठरवायचे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जुलै ही जन्मतारीख तर निम्म्या गावाची. वारावरून पडलेली नावे: सोमा, मंगरू, बुधा, शुक्रू. एका गावात एकाच पिढीत चार बुधा असतील, तर यंत्राने काय जुळवायचे?

आडनावाचा भरवसा त्याहून कमी. मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे, बौद्धांत आहे, ढिवरांत आहे. बोरकर, ठाकरे, नागपुरे यांचेही तसेच. युरोपातल्या झाडांवर घडलेले यंत्र आडनाव आणि गाव जुळले की ‘हे तेच असावेत का’ असे सुचवते. भंडाऱ्यात या सूचनेवर विसंबून पाने एक केली, तर तीन समाजांची घरे एका आजोबाखाली गोळा होतील. हे दृश्य सुंदर आहे, पण खोटे आहे. त्यातच रोमन लिपीत पोवार, पवार, पंवार यांची वेगवेगळी स्पेलिंगे. इथे उपयोगी पडते ती मधल्या नावाची आपली पद्धत. मुलाच्या नावामागे बापाचे नाव असतेच, त्यामुळे एका माणसाच्या पूर्ण नावात दोन पिढ्या मिळतात. ही सोय इंग्रजांकडे नाही. ती बाईकडेही नाही. लग्नानंतर तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही.

सरकारी वंशावळीच्या नियमांत ‘जोडलेले’ म्हणजे काय हे तारखांनी ठरते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. तुमची रेघ या तारखेच्या मागे जायला हवी, ती सहसा बापाकडूनच जायला हवी, आणि वाटेत जातीचा रकाना बदलायला नको. भंडाऱ्यातल्या हलबा-कोष्टी विणकरांची घालमेल याच रकान्याने झाली. कागदावर कुठे कोष्टी, कुठे हलबा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद खटल्यात हलबा-कोष्टी म्हणजे हलबा जमात नव्हे असा निकाल दिला, आणि कितीतरी नोकऱ्यांच्या मुळाशी असलेल्या वंशावळी एका दिवसात प्रश्नचिन्हाखाली आल्या. वनहक्क कायद्यात माप वेगळे: आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, पिढीला पंचवीस वर्षे धरून, दाखवाव्या लागतात. गोसीखुर्दच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचे आणखी वेगळे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी या धरणाची पायाभरणी केली; पुढे पवनी आणि भंडारा तालुक्यांतली भाऊकी वेगवेगळ्या नव्या गावठाणांत विखुरली, आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुणाच्या नावे करायचा यावरून घरोघरी वंशावळ निघाली. नोकरीतल्या पाच टक्क्यांसाठी एका घरातल्या एकाचीच रेघ पुढे जाते. बाकीचे भाऊ जोडलेले असून बाहेर.

मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हाच प्रश्न राज्यभर गाजला. २६ जानेवारी २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत ‘सगेसोयरे’ कोण याची व्याख्या करण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यात सजातीय लग्नातून जुळलेली नाती आली. विदर्भातला कुणबी आधीच इतर मागासवर्गात असल्याने भंडाऱ्याला हा वाद दुरूनच पाहायला मिळाला. पण लग्नाने जुळलेले माणूस ‘आपल्या’त धरायचे की नाही, हा प्रश्न सरकारी कागदावर एवढ्या उघडपणे क्वचितच आला असेल. ऑनलाइन झाडाचे उत्तर ठरलेले आहे: धरायचे. मसुद्याचे उत्तर होते: धरायचे, पण जातीच्या आतच. या ‘पण’वर सगळे अडते.

आता मुद्द्याकडे येतो. भंडाऱ्यातले घर मोठ्या झाडाला जोडायचे असेल तर वर चढून उपयोग नाही. वरच्या बाजूला पाच-सहा पिढ्यांनंतर कागद संपतात, भाटाच्या पोथीत कथा सुरू होते आणि कथेवरून दुवा टाकणे हा झाडाशी द्रोह आहे. वाट आडवी जाते, आणि ती बायकांच्या माहेरातून जाते. हे साधे गणित आहे. पुरुष गावातच राहिले. पाच पिढ्यांची भाऊकी एका शिवारात सापडते. बायका मात्र दहा गावांतून आल्या आणि लेकी दहा गावांत गेल्या. तुमसरच्या घरातली आजी कटंगीची असेल, तिची बहीण वारासिवनीला दिलेली असेल, तिची नणंद सिवनीला. १९५६ साली मध्ये राज्याची सीमा आली, तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. तीन माहेरे ओलांडली की माणूस जिल्ह्याबाहेर, सहा ओलांडली की कुठल्या तरी शहरातल्या, कुलवृत्तांत छापलेल्या किंवा आधीच झाडावर चढलेल्या घरापाशी. आपल्या सगळ्या जुन्या नोंदींनी जे लिहायचे टाळले, नेमके तेच इथे लागते.

मग ते शोधायचे कुठे? आधी तोंडी. पुष्कळ घरांत सुना माहेरच्या गावाने ओळखल्या जातात: लाखांदूरवाली काकू, साकोलीवाली मोठी माय. बाईचे नाव हरवते, पण माहेरचे गाव पन्नास वर्षे हाकेत टिकते. दुसरी जागा अनपेक्षित आहे: तलाठ्याचे दप्तर. शेतमालक वारला की वारसाच्या फेरफारात लेकींची नावे लावावी लागतात, सासरच्या नावागावासह. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित जमिनीची सहदायाद, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, हा हक्क पक्का झाला. त्यानंतर काय होते ते सर्वांना माहीत आहे. भाऊ हक्कसोडपत्र करून घेतात आणि सातबाऱ्यावरून बहिणींची नावे निघतात. तेवढ्यापुरती का होईना, एका घराच्या सगळ्या लेकी कोणत्या गावी, कोणत्या घरी आहेत याची सरकारी शिक्क्यासह यादी तयार झालेली असते. वंश लिहिणाऱ्याला याहून चांगला कागद मिळणार नाही. जमीन सोडण्याच्या कागदावर आपल्या लेकी प्रथमच पूर्ण पत्त्यानिशी लिहिल्या गेल्या, यातली विसंगती वाचकाला सांगायला नको.

या आडव्या वाटेत एक गुंता आहे आणि तो खास आपला. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले. उत्तरेत नात्यात लग्न नको, दक्षिणेत नात्यातच हवे, आणि आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र टाळतात. मामेबहिणीशी लग्न झाले की त्यांच्या मुलांना पणजोबा-पणज्या आठ नाहीत, सहाच. दोन जागांवर तीच माणसे पुन्हा येतात. पुढच्या पिढीत पुन्हा तसेच झाले तर झाड वर फाकत जाण्याऐवजी स्वतःत वळते. युरोपी सवयीच्या माणसाला असे पान दिसले की चूक वाटते. तो दुरुस्त करायलाही धावतो. आपल्याकडे ती चूक नसून सोयरीक टिकवण्याची रीत आहे, आणि तसे पानावर लिहून ठेवणे बरे.

अशी झाडे आत फार घट्ट असतात आणि बाहेर कुठेच जोडलेली नसतात. सायन्स या नियतकालिकात २०१८ मध्ये यानिव्ह एर्लिख आणि सहकाऱ्यांनी जेनीवरची सुमारे ८.६ कोटी पाने तपासली, त्यातून १.३ कोटी माणसांचे एकच सलग झाड निघाले. त्या पानांतली बहुसंख्य माणसे युरोप आणि उत्तर अमेरिकेतली होती, तेव्हा निष्कर्ष तिथलेच समजायचे. तिथे १७५० पूर्वी बहुतेकांची लग्ने दहा किलोमीटरच्या आत होत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे अंतर शंभराच्या आसपास गेले. भंडाऱ्यात अंतर वाढले असेल, रेल्वे आणि मोटारी आल्याच. पण जातीचा काठ त्या प्रमाणात हलला नाही. कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जनुकांवरून अंदाज काढला, की भारतातल्या अनेक गटांत आपसांतच लग्ने करण्याची रीत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी रूढ झाली. त्याआधी सगळे मिसळत होते. म्हणजे खूप मागे गेलात तर गावातले कोहळी, पोवार, तेली, बौद्ध, गोंड सगळे एकाच झाडाचे. पण कागद पोचतात त्या पाच-सहा पिढ्यांत मात्र वेगवेगळ्या बेटांवरचे. नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळ्यांच्या आणि त्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरांची गाठ पाण्यावर रोज पडली, वंशावळीत नाही.

त्यामुळे एका आंतरजातीय लग्नाचे या झाडातले वजन विलक्षण आहे. एका जोडप्याने दोन बेटे जोडली जातात, आणि त्या क्षणी दोन्हीकडची हजारो माणसे, ज्यांना हे लग्न पसंत नव्हते त्यांच्यासकट, एकमेकांशी ‘जोडलेली’ होतात. त्यांच्या अपत्यांचे सरकारी कागद अजून चाचपडत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या रमेशभाई नायका निकालात म्हटले, की अशा मुलाची जात बापाचीच असते हे गृहीत आहे, अंतिम सत्य नाही. आईच्या समाजात वाढल्याचे पुराव्याने दाखवता येते. न्यायालयाने किंचित उघडलेले हे दार कुटुंबे मात्र सर्रास लावून घेतात. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचे नाव समाजाच्या दर्शिकेत नसते. ऑनलाइन झाडातही तिच्या बापाने भरलेल्या पानावर ती नसते. मग दहा वर्षांनी तिच्या मुलाने स्वतःचे पान उघडले, आईचे नाव लिहिले, आजोबांचे लिहिले, आणि यंत्राने दोन आजोबा जुळवून दाखवले, तर काय करायचे? झाडाचा नियम सांगतो: एका माणसाचे एकच पान, म्हणजे जोडा. माझेही मत तेच आहे. पण जोडण्याचे बटण दाबण्याआधी त्या मुलीला विचारावे. आपला ठावठिकाणा माहेराला कळावा की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, झाडाचा नाही.

नाते मनाला भावण्यासारखे असावे लागते असे नाही. कधी ते रक्तात मोजता येते. भंडारा, गोंदिया, नागपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण, म्हणजे एसएस असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला ते कळतच नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आपल्याकडे तपासणी त्याआधीपासून चालू आहे. इथे वंशावळ एकदम कामाची ठरते. एक रुग्ण सापडला की त्याच्या आईबापांची भावंडे, त्यांची मुले, मामाकडची आणि मावशीकडची घरे तपासायला हवीत. पडताळणीच्या कागदावरची उभी रेघ इथे निम्मीच उपयोगाची, कारण दुसरा दोष आईकडून आलेला असतो. मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल तर दोघांचीही तपासणी लग्नाआधी व्हावी, हे आरोग्यसेविका सांगत असतातच. मोडलेली सोयरीक, ‘त्यांच्यात आजार आहे’ अशी गावभर झालेली कुजबुज, हेही तितकेच खरे. म्हणून मृत्यूचे कारण किंवा तपासणीचा निकाल सामायिक झाडावर कधीही लिहू नये. ते नाते डॉक्टरच्या वहीत जोडलेले असू द्यावे.

याच कारणाने जिवंत माणसांचा प्रश्न येतो. बहुतेक संकेतस्थळे जिवंतांची पाने झाकून ठेवतात, पण झाकण भरणाऱ्याच्या हातात असते. उत्साही पुतण्या एका रात्रीत दीडशे नातलगांची नावे, जन्मतारखा, फोटो चढवतो. त्यात बँका ओळख पटवण्यासाठी आईचे माहेरचे आडनाव विचारतात, हे त्याच्या गावीही नसते. वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा २०२३ मध्ये आला. घरातल्या घरात केलेल्या नोंदींना तो फारसा हात लावत नाही, तेव्हा इथे तारतम्यच हवे. आणखी एक गोष्ट फॅमिलीसर्च वापरणाऱ्यांना माहीत असायला हवी. मॉर्मन पंथात मृत पूर्वजांच्या नावे प्रतिनिधीमार्फत बाप्तिस्मा देण्याची रीत आहे, आणि वंशावळींचा हा अफाट खटाटोप त्या श्रद्धेतूनच उभा राहिला. आपल्याच पूर्वजांपुरते हे करावे असा त्यांचा नियम आहे. ज्या घराने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारला, त्याला आपल्या आजोबांचे नाव अशा कोठारात ठेवायचे का, हे त्याने समजून-उमजून ठरवावे. कुणी खुशाल ठेवेल. तिथली यंत्रे उत्तम आहेत आणि फुकट आहेत.

काही नाती झाडाला समजतच नाहीत. शेजारच्या छत्तीसगडात महाप्रसाद किंवा गंगाजल बदलून दोन माणसे जन्माची मितान होतात, त्यांच्या मुलांना एकमेकांचे आईबाप काका-काकू. आपल्याकडे मानलेला भाऊ, धरलेली बहीण. त्यांना दुवा नाही, पान नाही. नसू दे. प्रत्येक नात्याला चौकट मिळाली पाहिजे असा हट्ट कशाला?

बाईच्या पानाचा हट्ट मात्र धरावा असे मला वाटते, आणि तो धरताना पंचाईत कुठे होते ते पाहण्यासारखे आहे. आजी गेली, तिचे पाळण्यातले नाव कुणाला आठवत नाही, माहेरचे गाव गोसीखुर्दच्या फुगवट्यात गेले. तरी पान उघडावे: नाव अज्ञात, गावाचे नाव लिहावे, तालुका लिहावा, अंदाजे वर्ष लिहावे. त्या गावच्या दुसऱ्या कुणीतरी ‘आमची एक आत्या तिकडे दिली होती’ असे लिहिलेले असेल, तर दुवा जुळायला एवढे पुरते. कोरी जागा सोडली तर कधीच जुळणार नाही.

पुढच्या पिढीचे काम थोडे हलके होईल असे दिसते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि महसुलाच्या कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने सक्तीचा केला आहे. दाखल-खारीजमध्ये आई आली. तिचे नाव तिथे लागेल ते मात्र एकटेच. शेवटचे आडनाव नवऱ्याचे, आणि ती कुठल्या गावची हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही. ही मुले २०४० च्या आसपास जात पडताळणीचा अर्ज भरतील तेव्हा त्यांच्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर कोणती रेघ मागितली जाईल, यावर बरेच अवलंबून आहे. तोवर लाखांदूरवाली काकू लाखांदुरात कोणाची, हे तिलाच विचारून लिहून घेतलेले बरे.